‘तणावपूर्ण शांतता’ कोण वाचणार?
महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

सन्माननीय कुलगुरू,



पंधरा-वीस वर्षे राजकीय बातमीदारी केलेल्या माणसाला चाळिशीत राज्यशास्त्राचे संशोधन करावेसे वाटले, तर आपल्या विद्यापीठांत त्याला जागा कुठे आहे, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. व्याख्यानाला बोलावण्यापुरती जागा आहे. पत्रकारिता विभागात तासिका तत्त्वावर शिकवण्यापुरतीही आहे. पण विद्यार्थी होऊन, प्रवेश परीक्षा देऊन, संशोधनपद्धती शिकून, चार राज्यांची किंवा चार देशांची तुलना करणारा प्रबंध लिहिण्याची वाट त्याच्यासाठी कागदावर जेवढी दिसते तेवढी प्रत्यक्षात नाही. ही अडचण त्या एका माणसाची असती, तर जाहीर पत्राचे प्रयोजन नव्हते. माझे म्हणणे असे की यात मोठे नुकसान तौलनिक राजकारण या विद्याशाखेचे होते आहे. ही विद्याशाखा ज्या कच्च्या मालावर उभी आहे, त्यातला फार मोठा हिस्सा बातमीदारांच्या हातून आलेला आहे. आणि तो माल कसा तयार झाला हे सांगू शकणारी माणसे तिच्या उंबरठ्याबाहेर उभी आहेत.

विधान मोठे आहे, म्हणून एका गाजलेल्या अभ्यासापासून सुरुवात करणे बरे. भारतातल्या हिंदू-मुस्लीम दंगलींविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे महत्त्वाचे तौलनिक लेखन झाले, त्यातले पुष्कळसे एकाच माहितीसंचाचा आधार घेते. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी १९५० ते १९९५ या काळातले ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे अंक वाचून दंगलीच्या बातम्यांची नोंद केली : कुठे घडली, कधी घडली, किती माणसे मेली, निमित्त काय झाले. त्या नोंदींतून जे चित्र निघाले त्याने अनेक समज मोडले. देशाची बहुसंख्य जनता खेड्यांत राहत असताना दंगलीतल्या एकूण मृत्यूंपैकी खेड्यांतले मृत्यू चार टक्क्यांहूनही कमी निघाले. उलट अहमदाबाद, मुंबई, अलिगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली या आठच शहरांत मिळून जवळपास निम्मे मृत्यू झाले होते. मग वार्ष्णेय यांनी जोड्या लावल्या. अलिगढ आणि कालिकत या दोन्ही शहरांत मुस्लीम लोकसंख्येचे प्रमाण साधारण सारखे. तरी एक शहर पुन्हा पुन्हा पेटते, दुसरे पेटत नाही, असे का? २००२ साली आलेल्या ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ या ग्रंथात त्यांनी दिलेले उत्तर असे की जिथे व्यापारी संघटना, कामगार संघटना, पक्ष, वाचनालये यांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र असतात, तिथे अफवेला पाय फुटत नाहीत. विल्किन्सन यांनी २००४ च्या ‘व्होट्स अँड व्हायलन्स’मध्ये वेगळे उत्तर दिले : राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर पोलीस दंगल वेळीच आवरतात, नसेल तर नाही. एकाच माहितीसंचातून दोन प्रबळ सिद्धांत निघाले आणि जगभरच्या वर्गांत शिकवले जाऊ लागले. दोन्हींच्या पायाशी आहेत ती मुंबईहून निघणाऱ्या एका इंग्रजी दैनिकाची जुनी पाने.

आता ती पाने ज्यांनी भरली त्यांच्या बाजूने पाहू. आपल्याकडे दंगलीची बातमी लिहिताना समाजांची नावे सहसा घेतली जात नाहीत. ‘दोन गटांत दगडफेक’, ‘शहरात तणावपूर्ण शांतता’, ‘परिस्थिती नियंत्रणाखाली’, ‘अनुचित प्रकार घडला नाही’ ही आपल्या वृत्तपत्रांची ठरलेली भाषा आहे. आगीत तेल पडू नये, या चांगल्या हेतूने ती घडली. परंतु बाहेरून येऊन ही पाने वाचणाऱ्या संशोधकासमोर ती कुलूप होऊन उभी राहते. ‘दोन गट’ म्हणजे दोन धर्म, दोन जाती, एकाच पक्षाचे दोन नगरसेवक, की दोन गणेश मंडळे? तालुक्याच्या गावाचे, चौकाचे, पोलीस निरीक्षकाचे नाव वाचून बातमीदाराला ते क्षणात कळते. ‘तणावपूर्ण शांतता’ या शब्दांमागे कधी खरोखरच मिटलेले भांडण असते, कधी पाच दिवसांची संचारबंदी. मृतांचा आकडा पोलिसांनी सांगितलेला, रुग्णालयाने सांगितलेला की रात्री दहाच्या आत पान सोडायचे म्हणून हाती आला तो, हे छापील ओळीवरून कळत नाही. शिवाय मुंबईच्या इंग्रजी दैनिकाला परभणीतली चकमक कळण्याचा रस्ता वृत्तसंस्थेच्या तारेवरून जात असे. ती तार त्या दिवशी कापली गेली, तर माहितीसंचात परभणी शांत. या त्रुटींची जाणीव त्या संशोधकांनाही होती आणि त्यांनी आपल्या मर्यादा मोकळेपणाने मांडल्या आहेत. प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही. बातमीत काय गाळले जाते, कुठल्या कारणाने गाळले जाते आणि ते गाळणे कोणत्या दिशेने झुकलेले असते, याचे पद्धतशीर ज्ञान ज्यांच्याकडे आहे ते या कामात नव्हते, एवढेच म्हणायचे आहे.

ही गोष्ट एका माहितीसंचापुरती राहिली असती, तरी चालले असते. आज जगभरातल्या राजकीय हिंसाचाराची, मोर्चांची, आंदोलनांची मोजदाद करणारे मोठमोठे संच प्रामुख्याने बातम्यांवरच चालतात. काही ठिकाणी तर माणसाऐवजी संगणकच बातम्या वाचून आकडे भरतो. आपल्या राज्यात हे केले तर काय होईल याचा विचार करा. १९७१ साली नागपूरहून दैनिक म्हणून निघू लागलेला ‘लोकमत’ १९८२ साली तेव्हाच्या औरंगाबादेत आला, पाठोपाठ इतर दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या निघाल्या आणि मराठवाड्यातल्या गावागावांत वार्ताहर नेमले गेले. त्यानंतरच्या वर्षांत मराठवाड्यातल्या आंदोलनांच्या बातम्या वाढल्या. आंदोलने वाढली की पाने वाढली? जो फक्त आकडे पाहील तो म्हणेल, आंदोलने. ज्याने जिल्हा आवृत्तीचे पान रोज भरले आहे तो आधी विचारेल, त्या वर्षी पाने किती होती, वार्ताहर किती होते आणि जाहिराती किती होत्या. दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत उमेदवाराची स्तुती करणारा तोच मजकूर शब्दशः छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून दाखवून दिले आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द देशभर झाला. प्रेस कौन्सिलला त्यावर उपसमिती नेमावी लागली. त्या निवडणुकीतली प्रसिद्धी आणि मते यांचा संबंध शोधणारा संशोधक विकत घेतलेली बातमी आणि मिळवलेली बातमी एकाच रकान्यात टाकील, जोवर त्याच्या शेजारी दर माहीत असलेला माणूस बसलेला नाही.

बातमी हे कोणत्या जातीचे ज्ञान आहे, याचा विचार सर्वांत आधी करणाऱ्यांपैकी एक माणूस स्वतः बातमीदार होता, हे इथे सांगायला हवे. रॉबर्ट पार्क यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात मिनियापोलिस, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांतल्या दैनिकांत दहाएक वर्षे काम केले, मग ते हार्वर्डला आणि पुढे जर्मनीत गेले, १९०४ मध्ये त्यांनी हायडलबर्गची डॉक्टरेट घेतली आणि १९१४ साली, वयाच्या पन्नाशीत, शिकागो विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली. शहरांचा अभ्यास रस्त्यावर उतरून करण्याची जी शिकागो परंपरा जगभर गेली, तिच्या मुळाशी वार्ताहराची पायपीट आहे. १९४० सालच्या एका निबंधात त्यांनी विल्यम जेम्स यांनी केलेला भेद पुढे नेला : एखाद्या गोष्टीशी परिचय असणे वेगळे आणि तिच्याविषयी पद्धतशीर ज्ञान असणे वेगळे, बातमी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. मला हा भेद फार उपयोगाचा वाटतो, कारण तो बातमीदाराला मोठे करत नाही आणि लहानही करत नाही. परिचय म्हणजे ज्ञान नव्हे, हे तो सांगतो. परिचयाशिवाय मिळवलेले ज्ञान हवेत राहते, हेही त्यातूनच निघते. अलीकडचे उदाहरण रॉबिन जेफ्री यांचे. कॅनडातल्या वृत्तपत्रात क्रीडा बातमीदारी करून भारतात शिकवायला आलेला हा माणूस पुढे केरळच्या राजकारणाचा मान्यवर अभ्यासक झाला आणि २००० साली त्यांनीच भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांच्या वाढीवर पहिला मोठा तौलनिक ग्रंथ लिहिला. मराठी, मल्याळम, तेलुगू, हिंदी दैनिकांचे खप, यंत्रे, मालक, जाहिराती आणि राजकारण एका चौकटीत मांडायला, छापखान्यात रात्र काढणे म्हणजे काय ते ठाऊक असावे लागते.

तरीही, बातमीदार जसा आहे तसा संशोधक होऊ शकत नाही, हे मान्य करायलाच हवे. माझ्या विनंतीतला कष्टाचा भाग तोच आहे. बातमीदार जातो तिथे, जिथे काही घडलेले असते. जिथे काहीच घडले नाही तिथे त्याला कुणी पाठवत नाही. तौलनिक पद्धतीचा कणाच याच्या उलट आहे : जिथे घडले आणि जिथे घडायला हवे असून घडले नाही, अशी दोन्ही ठिकाणे शेजारी ठेवल्याशिवाय कारण सापडत नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये साम्य आणि भेद यांच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्यांचे सार हेच. बार्बरा गेडिस यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की ज्या देशांत एखादी गोष्ट घडली तेवढेच देश निवडून केलेली तुलना चुकीच्या निष्कर्षाकडे नेऊ शकते. ज्यांना भिवंडीचे वृत्तांकन ठाऊक आहे त्यांनी हा मुद्दा स्वतःशी ताडून पाहावा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींतली भिवंडी सर्वांनी लिहिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी मात्र शांत राहिली. पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी तिथे उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. न घडलेल्या दंगलीची बातमी किती कॉलमची झाली असेल? सिद्धांताच्या दृष्टीने मात्र १९८४ च्या भिवंडीपेक्षा १९९२ ची भिवंडी अधिक मोलाची आहे. निकालानंतर विजयाची कारणे लिहिण्याची सवय, एका गावाच्या गोष्टीवरून राज्याचा कल सांगण्याची सवय, ‘सूत्रांनी सांगितले’ एवढ्यावर वाक्य पुरे करण्याची सवय, या सगळ्या मोडाव्या लागतात. त्या मोडायला वेळ लागतो, शिक्षक लागतात, ग्रंथालय लागते. म्हणून तर त्याने विद्यापीठात यायचे. स्वतःच्या बळावर जाडजूड पुस्तक लिहिण्याची त्याची ताकद असतेच. त्याला नसते ती हरकत घेणारी माणसे.

हरकत घेणारे आणि माहिती असणारे एकत्र न आल्याने काय होते, हे महाराष्ट्राच्या अभ्यासाच्या कपाटात दिसते. शिवसेनेवर मेरी कॅटझेन्स्टीन यांनी १९७९ साली पुस्तक लिहिले, दीपंकर गुप्ता यांनी १९८२ साली, थॉमस ब्लोम हान्सेन यांनी २००१ साली. तिघांचेही मोठेपण निर्विवाद आहे आणि तिघेही महाराष्ट्राबाहेरचे आहेत. दुसऱ्या बाजूला प्रकाश अकोलकर यांच्यासारख्या, शाखेपासून मंत्रालयापर्यंत सगळे डोळ्यांनी पाहिलेल्या पत्रकाराचे मराठीतले ‘जय महाराष्ट्र’ आहे. पहिल्या कप्प्यात सिद्धांत आहे, दुसऱ्यात तपशील आहे. आणि आपल्या विद्यापीठांनी दोन्ही कप्पे एका टेबलावर आणण्याची व्यवस्था केली नाही. गोविंद तळवलकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादकपद सांभाळले आणि सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावर मराठीत ग्रंथ लिहिला. असे वाचन, असा आवाका असलेला माणूस कोणत्याही विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाला भूषण ठरला असता. मराठी परंपरेला हे नवे नाही. बाळशास्त्री जांभेकर १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढत होते आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवतही होते. बाबासाहेबांनी जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले आणि त्याच वर्षी राहिलेले संशोधन पुरे करायला ते लंडनला गेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना अमेरिकी अध्यक्षीय पद्धत आणि ब्रिटिश संसदीय पद्धत यांची स्थैर्य आणि उत्तरदायित्व या दोन कसोट्यांवर त्यांनी जी तुलना केली, ती आजही तौलनिक राजकारणाच्या पहिल्या वर्गात शिकवावी अशी आहे. संपादक आणि अभ्यासक या दोन वेगळ्या जाती आहेत, ही समजूत आपल्याकडे पुष्कळ नंतरची आहे.

कोणते प्रश्न घेऊन ही माणसे येतील, याचे एकच उदाहरण पुरे. पक्षफुटीचा प्रश्न घ्या. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एक तृतीयांश आमदारांच्या फुटीची पळवाट बंद झाली, आणि तरी २०२२ मध्ये शिवसेना व २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस उभी फुटली. बांगलादेशाच्या १९७२ च्या संविधानातील सत्तरावे कलम पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराची जागाच काढून घेते. दक्षिण आफ्रिकेने २००२ मध्ये पक्षांतराला मुभा दिली आणि २००९ मध्ये ती मागे घेतली. न्यूझीलंडने २००१ मध्ये पक्षांतराविरुद्ध कायदा केला, तो मुदतीनंतर संपू दिला आणि २०१८ मध्ये पुन्हा आणला. बंदी असूनही पक्ष का फुटतात, आणि बंदी नसलेल्या कित्येक देशांत का फुटत नाहीत? कायद्याची कलमे वाचून या प्रश्नाचा निम्मा भाग सुटेल. उरलेला निम्मा भाग अध्यक्षांच्या दालनात तारखा कशा लांबतात, गटनेता नेमल्याचे पत्र कोणत्या वेळी पोचते, आमदार कोणत्या हॉटेलात आणि कुणाच्या भरवशावर जातात, मतदारसंघातला साखर कारखाना किंवा बँक कुणाच्या ताब्यात आहे, यात दडलेला आहे. नोव्हेंबर २०१९ मधल्या पहाटेच्या शपथविधीच्या आधीची आणि नंतरची रात्र ज्यांनी जागून काढली, त्यांच्या टिपणवह्यांत ही माहिती आहे. तिला ढाका आणि केपटाऊनच्या माहितीशेजारी बसवणे हे संशोधकाचे काम. एकाच माणसाला दोन्ही करता येतील अशी सोय करणे तुमच्या हातात आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला, आणि रास्त, आक्षेप पीएचडीच्या घसरलेल्या प्रतीचा येईल. बढती आणि वेतनवाढ यांच्याशी पदवी जोडल्यापासून प्रबंधांचे पीक आले, उचलेगिरीची प्रकरणे आली. त्यात आणखी एक मागचे दार कशाला? मला वाटते, हाच युक्तिवाद माझ्या बाजूने जातो. डॉक्टरेट मिळाली म्हणून कोणत्याही वृत्तपत्रात पगार वाढत नाही. जो बातमीदार सहा वर्षे हा भार उचलेल, तो बहुधा प्रश्नाच्या ओढीनेच उचलेल. नावामागे ‘डॉ.’ लावण्याची हौस असणारे येतीलच. त्यांना अडवायला प्रवेश परीक्षा आहे आणि ती शिथिल करा असे मी कुठेही म्हणत नाही. दुसरा आक्षेप पक्षपाताचा. पत्रकार कुणाचा तरी असतो, त्याचे वृत्तपत्र कुणाचे तरी असते. खरे आहे. पण तौलनिक पद्धतीत पक्षपाताला वेसण घालण्याची साधने आहेत : गृहीतक आधी लिहून ठेवणे, आपल्या विरुद्ध जाणारी उदाहरणे मुद्दाम निवडणे, त्याच बातम्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून स्वतंत्रपणे नोंदवून घेऊन ताडून पाहणे, माहिती इतरांना तपासायला खुली ठेवणे. ही साधने प्राध्यापकालाही तेवढीच लागतात. विचारसरणीचा वारा विद्यापीठाच्या भिंतींबाहेरच थांबतो, असा कुणाचा अनुभव नसावा. पत्रकारांनी पत्रकारिता विभागात संशोधन करावे, हा तिसरा आक्षेप फार काळ अडवत नाही. तिथे अभ्यासविषय माध्यमे हा असतो. इथे विषय राजकारण आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शकांची पदे रिकामी पडली आहेत. ग्रामीण भागातून आलेला, पहिल्या पिढीचा, नेट झालेला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी त्या जागेसाठी दोन-दोन वर्षे ताटकळत असताना, आयुष्यात एक व्यवसाय करून झालेल्या माणसाला ती जागा का द्यावी? याचे प्रामाणिक उत्तर असे की त्या मुलीच्या वाट्याची जागा देऊ नये. गुणवत्ता यादी एकच असावी आणि तिच्यात जो वर येईल त्याने जावे. पण हेही पाहावे की अनुभवी बातमीदाराला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळत नाही, कारण तिची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला तीस वर्षे आहे. म्हणजे शिष्यवृत्तीच्या निधीवर त्याचा भार पडत नाही. आणि एका विभागात बावीस वर्षांची मुलगी आणि बेचाळीस वर्षांचा बातमीदार एकाच टेबलावर त्याच बातम्या नोंदवू लागले, तर ती त्याला पद्धत शिकवील आणि तो तिला ओळींमधले वाचायला शिकवील. मला तर यात तिचा तोटा दिसत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने दार उघडलेच आहे, असेही म्हटले जाईल. ते अर्धे खरे आहे. २०२२ च्या प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस योजनेत माध्यमक्षेत्राचा उल्लेख आहे. पंधरा वर्षांच्या अनुभवावर, पीएचडीशिवाय, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. पण ती शिकवण्याची वाट आहे, तीही जास्तीत जास्त चार वर्षांची. नामवंत संपादकाला तिचा उपयोग होईल. जिल्ह्याच्या ठिकाणी वीस वर्षे राबलेल्या बातमीदाराला शिकवायचे नाही, शिकायचे आहे. नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीत अर्धवेळ संशोधनालाही मान्यता आहे. मात्र त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे नाहरकत प्रमाणपत्र हवे. मानधनावर चार दैनिकांना आणि एका वाहिनीला बातम्या पुरवणाऱ्या वार्ताहराने ते कुणाकडून आणायचे? किमान बारा श्रेयांकांचे कोर्सवर्क बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या कामाच्या दिवशी, भर दुपारी असते. पत्रकार परिषदा आणि सभागृहाचे कामकाज त्याच वेळी असते. पदव्युत्तर पदवी मराठीत, इतिहासात किंवा पत्रकारितेत असली, तर राज्यशास्त्राचा अर्ज अनेक ठिकाणी खिडकीवरच अडतो.

यातल्या ज्या गोष्टी आयोगाच्या हातात आहेत त्या मी तुमच्याकडे मागत नाही. पंचावन्न टक्क्यांची अट आहे तशी राहो. लेखी परीक्षेचे सत्तर टक्के भारांकनही आहे तसे राहो. पण उरलेल्या तीस टक्क्यांच्या मुलाखतीत उमेदवाराचे प्रसिद्ध झालेले वृत्तांकन समितीने आधी वाचून यावे, हे तुम्ही ठरवू शकता. कोर्सवर्क शनिवार-रविवारी किंवा उन्हाळी-दिवाळी सुटीत सलग घेणे, मुक्त पत्रकाराच्या प्रतिज्ञापत्राला नाहरकत प्रमाणपत्राच्या जागी मान्यता मिळावी म्हणून आयोगाशी पत्रव्यवहार करणे, संलग्न विषयांच्या यादीत पत्रकारिता आणि इतिहास घालणे, राज्यशास्त्राचा मार्गदर्शक आणि दुसऱ्या विषयाचा सहमार्गदर्शक अशी जोडी मान्य करणे, हे विद्या परिषदेच्या बैठकीत होण्यासारखे आहे. प्रबंध मराठीतून लिहिण्याची मुभा सामाजिक शास्त्रांत आपल्याकडे आहेच. ती या उमेदवारांना आवर्जून सांगा. आणि एक काम स्वतंत्रपणे हाती घ्या : मराठी वृत्तपत्रांतल्या राजकीय घटनांचा, ठरलेल्या नियमांनी नोंदवलेला, सर्वांना खुला माहितीसंच. पुण्याच्या विद्यापीठात वि. मं. शिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीचा मतदारांत जाऊन अभ्यास केला, तेव्हा देशात असे काम करणारे थोडे होते. सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे यांच्या पिढीने ती परंपरा लोकनीतीच्या सर्वेक्षणांपर्यंत नेली. मतदाराला प्रश्न विचारण्याची पद्धत महाराष्ट्राने आत्मसात केली, तशी बातमीला प्रश्न विचारण्याची पद्धतही इथेच घडू शकते.

घाईचे कारण आहे, ते सांगून थांबणे योग्य. जिल्हा आवृत्त्या सुरू झाल्या तेव्हा विशीत असलेले वार्ताहर आज साठीत आहेत. करोनाच्या काळात मराठी वृत्तपत्रांनी आवृत्त्या आणि पाने कमी केली, तेव्हा पुष्कळ अनुभवी माणसे या व्यवसायाबाहेर पडली. काही जनसंपर्काकडे गेली, काही घरी बसली. मंडल आयोगाची आंदोलने, १९९२-९३, युतीचे पहिले सरकार, साखर कारखान्यांचे आणि जिल्हा बँकांचे राजकारण ज्यांनी रोज लिहिले, त्यांच्या वह्या रद्दीत जात आहेत. छापलेली पाने स्कॅन करून ठेवता येतील. पण न छापलेल्या गोष्टी आणि छापलेल्या ओळींचा अर्थ त्या माणसांबरोबरच जाईल. येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशप्रक्रियेची जाहिरात निघण्यापूर्वी हा विषय आपल्या विद्या परिषदेच्या कार्यपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

कळावे.